साठ लिटरचं प्रस्थान

कौशल्याला निर्णय घेता येत नाही असं कोणी म्हटलं, तर मी ते ऐकून घेणार नाही. रोज सकाळी सहाला ती चाळीस डब्यांची भाजी ठरवते आणि सव्वासहाला फोडणी टाकते. कोणाला लसूण चालत नाही, कोणाचा गुरुवार असतो, कोणता मुलगा आईशी फोनवर भांडला की डबा तसाच परत पाठवतो, हे सगळं तिच्या डोक्यात पक्कं असतं. भाजीवाल्याला ती एका वाक्यात गप्प करते. नऊ वर्षं मी तिच्या समोरच्या दारात राहते, म्हणून खात्रीनं सांगते. पण गेल्या वर्षी दिवाळीनंतर याच बाईला एक बॅग निवडता येईना, आणि त्या बॅगेपायी तिनं अख्ख्या मजल्याच्या डोक्याची मंडई केली.

वारज्यातली आमची इमारत ज्या जमिनीवर उभी आहे ती तिच्या सासऱ्यांची. जमिनीच्या बदल्यात बिल्डरनं चौथ्या मजल्यावर दोन फ्लॅट दिले आणि तिचे यजमान हिंमतराव, ज्यांचा जन्म म्हशींच्या धारा काढण्यात गेला, ते लिफ्टनं वर-खाली करू लागले. पार्किंगमध्ये कोणी आडवी गाडी लावली की ते अजूनही म्हणतात, "माझ्या गोठ्यात कोन घुसलंय बगा." दिवसभरात एवढं एक वाक्य झालं की त्यांचं बोलणं संपतं. एका फ्लॅटमध्ये ही दोघं राहतात, मुलगा असतो नाशिकला. दुसऱ्या फ्लॅटमध्ये कौशल्याची खानावळ आणि आतल्या खोल्यांत भाड्यानं राहणाऱ्या तीन मुली. मी मूळची नारायण पेठेतली, शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेली, एकटी. त्यामुळे कौशल्या मला 'बाई' म्हणते आणि मी तिला अगं-तुगं करते, तिच्याहून जेमतेम चार वर्षांनी मोठी असून.

बॅगेचं प्रकरण सुरू केलं ते ऋतुजानं. तीन मुलींपैकी ही एक, यवतमाळची, हिंजवडीत नोकरीला. तिनं तीन महिने बिनपगारी रजा काढली आणि पाठीवर बॅग टाकून देश फिरायचं ठरवलं. आधी केरळ, मग पूर्वेचा किनारा धरून वर ओडिशा, आणि शेवटी आसाम. एका रविवारी जेवताना ती सहज म्हणाली, "काकू, तुम्ही पण चला ना जी. फुल टाइमपास होईल." मुली हसल्या. कौशल्या हसली नाही. तव्यावरची भाकरी करपली तरी तिचं लक्ष नव्हतं.

दुसऱ्या दिवशी ती माझ्याकडे आली. "बाई, मी जाऊ का?"

कौशल्या अठ्ठावन्न वर्षांची. तिचा आजवरचा सगळ्यात लांबचा प्रवास तुळजापूरचा, तोही जीप भरून माणसं आणि मांडीवर कोणाचं तरी पोर. तिचा प्रश्न ऐकून मला फार आनंद झाला, आणि खरं सांगायचं तर हेवाही वाटला. तो मी लपवला.

"हिंमतरावांना विचारलंस?"

"इचारलं की."

"मग? काय म्हणाले?"

"म्हनले, बॅग कुठली नेनार?"

"आणि?"

"आनि काय न्हाई. उठून खाली गेले."

आता या उत्तराचा अर्थ काय लावायचा? हा होकार, की नकार, की नुसता टोमणा? कौशल्यानं तीन दिवस डोकं खाजवलं. अडतीस वर्षांच्या संसारात नवऱ्याकडून सरळ उत्तर तिला कधी मिळालं नव्हतं, आणि पुन्हा विचारायची तिची छाती होईना. शेवटी तिनं ठरवलं की आधी बॅग आणून दाखवावी, मग ते काय ते बोलतील. तिचं जाणं-न जाणं असं एका बॅगेला टांगलं गेलं.

ऋतुजानं सांगितलं, चाळीस लिटरची घ्या, कमरेला पट्टा पाहिजे, वर पावसाचं कव्हर पाहिजे, आणि उघडणारी पुढून पाहिजे, वरून नको.

"लिटर?" कौशल्या माझ्याकडे बघून म्हणाली. "बॅगंत पानी भरायचंय का?"

मी घनफळ समजावून सांगितलं. तेहतीस वर्षं पोरांना समजावलं तसंच, आणि तेवढ्याच यशानं. मग तिचं तिलाच उमगलं. "म्हंजी आपला दुधाचा क्यान! त्यो चाळीस लिटरचाच असतोय." तिचा चेहरा उजळला आणि लगेच पडला. "बाई, पन एवढ्याशा क्यानात तीन महिनं कसं बसायचं?"

मग सल्ले सुरू झाले. पुतण्या साईनाथ चाकांची बॅग घेऊन आला. लाल, कडक, चार चाकं. "काकू, वझं उचलायचंच न्हाई. नुसतं ढकलायचं." आम्ही तिघं ती घेऊन खाली सर्व्हिस रोडवर गेलो. पंचवीस पावलांवर एक चाक गटाराच्या जाळीत अडकलं. ते निघेपर्यंत मागं तीन रिक्षा आणि एक पाण्याचा टँकर हॉर्न वाजवत उभे. "तिकडचं रस्तं चांगलं असत्याल," साईनाथ म्हणाला. लाल बॅग माळ्यावर गेली.

नंतर मी तिला शहरातल्या एका दुकानात घेऊन गेले. दुकानदारानं विचारलं, "किती दिवसांसाठी?"

"तीन महिने," मी म्हणाले.

"कोण जाणार?"

कौशल्यानं स्वतःकडे बोट दाखवलं. त्यानं तिला वरपासून खालपर्यंत बघितलं. "यात्रा कंपनीचा नंबर देऊ का?"

"नंबर आमच्याकडे आहेत," मी म्हणाले. "तुमच्याकडे बॅगा असल्या तर काढा, नसल्या तर तसं सांगा."

त्यानं काढल्या. बॅगेत वाळूच्या पिशव्या टाकून त्यानं ती कौशल्याच्या पाठीवर चढवली. कमरेचा पट्टा नेमका निऱ्यांवर आला. आवळला की निऱ्या सुटायला लागायच्या, आणि सैल सोडला की सगळा भार खांद्यावर. चार पावलं चालली आणि साडी पायात आली. "या बॅगा साडीसाठी नसतात," दुकानदार म्हणाला. "मग साडी ऱ्हाऊ द्या," कौशल्या बोलून गेली, आणि आपण काय बोललो हे कळून स्वतःच गांगरली. लग्नापासून तिनं साडीशिवाय काही अंगाला लावलं नव्हतं. त्या दिवशी आम्ही बॅगेऐवजी दोन पंजाबी ड्रेस घेऊन घरी आलो.

पुढं चाळीसची आणली, ती लहान वाटली. ती बदलून साठची निळी आणली, ती अवजड वाटली. ऋतुजा म्हणायची, "काकू, मोठी बॅग घेतली ना, की माणूस भरतच जाते." साईनाथ म्हणायचा, "कमी पडलं तर तिथं कुनाला मागनार?" मी पन्नासवर ठाम होते. माझं मत म्हणजे दोन्ही आकड्यांची सरासरी होती, त्यामागं दुसरं काहीही नव्हतं. कौशल्या प्रत्येकाला "व्हय, बरोबर हाय" म्हणायची आणि आणखी गोंधळायची.

प्रत्येक बॅग ती हिंमतरावांसमोर नेऊन ठेवायची. ते बॅगेकडे बघायचे, एका हातानं उचलायचे, खाली ठेवायचे आणि म्हणायचे, "बरी हाय."

"बरी हाय म्हंजी जा म्हनत्यात का नगं म्हनत्यात?" ती मला विचारायची.

"त्यांनाच विचार ना."

"आनि नगं म्हनले तर?"

हे ती एकदाच बोलली. बॅग ठरली की तो प्रश्न विचारावा लागणार, म्हणून बॅग ठरत नव्हती. मला हे स्पष्ट दिसत होतं. तिला दिसत होतं की नाही, देव जाणे.

शेवटी ऋतुजानं दोघींची तिकिटं काढून टाकली. जानेवारीतला गुरुवार. कौशल्यानं भिंतीवरचं कॅलेंडर बघितलं आणि मटकन खाली बसली. "गुरवारी दक्षिनेला दिशाशूल असतोय. केरळ दक्षिनेलाच ना?"

"काकू, तिकीट कन्फर्म आहे जी," ऋतुजा म्हणाली. "दिशा चेंज नाही होत."

पण यावर कौशल्याकडे उपाय होता. जायचा दिवस वाईट असला, तर आधीच्या चांगल्या वेळेला सामान शेजारच्या घरी नेऊन ठेवायचं. माणूस तेव्हाच निघाला असं धरायचं. याला प्रस्थान ठेवणं म्हणतात. मी ते आजीकडून ऐकलं होतं, बघितलं कधी नव्हतं. "आठ दिवस चालतंय," कौशल्यानं मला नियम सांगितला. "पन एकदा ठिवलं की त्यातली काडी बी माघारी घरात न्यायची न्हाई. न्हेली की जानं मोडलं."

आदल्या आठवड्यातल्या बुधवारी, सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी, आता बदलायला वेळ उरला नाही म्हणून साठ लिटरचीच निळी बॅग माझ्या हॉलमध्ये आली. तिला हळदकुंकू लावलेलं, वर नारळ. साईनाथनं दोन्ही हातांनी ओढत आणली. हिंमतराव त्यांच्या दारात उभे राहून बघत होते. बॅग टीव्हीसमोर बसली आणि बातम्यांखालची पळती पट्टी दिसेनाशी झाली. ते एक बरं झालं.

दुपारी बेल वाजली. "बाई, बीपीची गोळी बॅगंत ऱ्हायली."

"मग घेऊन जा."

"न्यायची न्हाई ना घरी!"

तिनं नारळ बाजूला ठेवला, बॅग उपसली, तळातून गोळ्या काढल्या, माझ्याकडचं पाणी पिऊन एक घेतली आणि पाकीट पुन्हा आत ठेवलं. चार वाजता चष्म्यासाठी आली. संध्याकाळी गुडघ्याच्या तेलासाठी. विसरायला नको म्हणून रोजच्या वापरातलं झाडून सगळं तिनं आठ दिवस आधीच बॅगेत कोंबलं होतं, आणि आता त्यातलं काही घरी न्यायची सोय नव्हती. मग ती माझ्याकडेच यायची. माझ्या हॉलमध्ये वेणी घालायची, माझ्या सोफ्यावर गुडघे चोळायची, माझ्या खिडकीत बसून चष्मा लावून फोन बघायची, आणि वस्तू परत बॅगेत ठेवून बारा पावलांवरच्या घरी जायची. ऋतुजा म्हणाली, "काकूंची ट्रिप स्टार्ट झाली ना जी, फक्त फर्स्ट स्टॉप बाईंकडे आहे."

मला यादी केल्याशिवाय चैन पडत नाही. बॅगेतून काय काय बाहेर निघतं ते मी फ्रिजवरच्या कागदावर लिहायला लागले. शनिवारपर्यंत अकरा वस्तू झाल्या. त्यानंतर नवीन काही निघालंच नाही, त्याच अकरा वस्तू फिरून फिरून येत होत्या. बाकी सगळं जिथल्या तिथं. सहा साड्या, ते दोन पंजाबी ड्रेस, शाल, दोन किलो भाजणी, तीन चादरी, झाकणासकट पातेलं आणि एक छोटा खलबत्ता. खलबत्ता कशाला, असं मी विचारलं होतं. "कुठं आलं कुटायचं झालं तर," असं उत्तर मिळालं होतं.

रविवारी ती आली आणि गोळी न घेताच खुर्चीत बसली. "बाई, मी न्हाई जात."

"का?"

"बॅग तुमच्याकडं आल्यापास्नं ह्ये माझ्याकडं बगत बी न्हाईत. काय समजायचं मी?"

माझा पारा चढला. "मग उचल ती बॅग आणि ने घरी. जाणं मोडेल, तू सुटशील आणि मीही सुटेन."

ती उठली. बॅगेचा पट्टा तिनं हातात धरला. बराच वेळ धरून उभी राहिली. मग तो सोडून समोरच्या दारात गेली. मी उगाच तोडून बोलले याचं मला फार वाईट वाटलं. राग तिचा नव्हताच. अडतीस वर्षांत ज्याला एका होकारासाठी किंवा नकारासाठी तोंड उघडता येत नाही, त्या माणसाचा होता.

सोमवारी भरदुपारी तोच माणूस माझ्या दारात उभा. कौशल्या खानावळीत डबे भरत होती.

"बाई, ती बॅग जरा द्या."

मी दारातून हलले नाही. "हिंमतराव, ते प्रस्थान आहे. तुमच्या घरी नेता येणार नाही."

"घरी कोन न्हेतंय?"

ते आत आले. नारळ उचलून त्यांनी माझ्या देवापुढं ठेवला, बॅग पाठीवर घेतली, पट्टे चाचपले आणि बाहेर पडले. लिफ्टकडे गेले नाहीत. जिना उतरायला लागले. चार मजले खाली, मग चार मजले वर. मी दारात उभी राहून पावलं ऐकत होते. दुसऱ्या मजल्यावर ती थांबली, तेव्हा माझा जीव खालीवर झाला. चौसष्ट वर्षांचा माणूस. मग पावलं पुन्हा सुरू झाली. वर आले तेव्हा शर्ट घामानं चिकटला होता.

"हितं कापतंय," त्यांनी डावा खांदा दाखवला. "आनि चढताना मागं वढतंय. हे वझं तिला झेपायचं न्हाई." थोडा दम घेऊन म्हणाले, "गोनी हाय का एखादी?"

मी गोणी दिली आणि फ्रिजवरचा कागदही काढून दिला. त्यांनी तो बोट फिरवत वाचला. मग जमिनीवर बसून बॅग रिकामी केली. त्या अकरा वस्तू, दोन ड्रेस आणि एक शाल त्यांनी एका बाजूला काढली. जड ते पाठीच्या लगत, हलकं बाहेरच्या अंगाला, असं लावून बॅग भरली. बाकी सगळं गोणीत. पुन्हा चार मजले खाली, चार वर. या वेळी पाऊल कुठं थांबलं नाही.

"आता बसलं," ते म्हणाले. "तिला सांगू नगा."

"हिंमतराव, एकदा सरळ सांगा. तिनं जावं असं वाटतं तुम्हाला, की जाऊ नये?"

त्यांनी चपला घातल्या. "पयल्या दिवशीच इचारलं व्हतं की. बॅग कुठली नेनार म्हनून." आणि गेले. मी गोणीकडे बघत उभी राहिले. जन्मभर मी मुलांना म्हणत आले की उत्तर प्रश्नातच असतं, नीट वाचा. मला काही ते सापडलं नाही.

रविवारनंतर कौशल्या थेट मंगळवारी संध्याकाळी गोळीसाठी आली. सवयीनं जोर लावून तिनं बॅग ओढली, आणि बॅग एका हातात वर आली. तिचा चेहरा पांढरा पडला. "बाई, माझं सामान? ह्ये आले व्हते का?"

मी सांगू नका म्हटलेलं सांगत नाही, पण मला खोटंही बोलता येत नाही. मी गप्प बसले, आणि तिला वाटलं सामान घरी गेलं, जाणं मोडलं. गोणी मागच्या खोलीत आहे हे सांगेपर्यंत ती दाराबाहेर होती. मी मागोमाग धावले. हिंमतराव हॉलमध्ये वाटाणे सोलत बसले होते. दोन महिने जे बोलायची तिची छाती झाली नव्हती, ते ती उंबऱ्यात उभी राहून बोलली.

"माझं सामान का काढलं? जाऊ नगं म्हनायचं असंल तर तोंडानं म्हना!"

हिंमतरावांनी हातातली शेंग पुरी सोलली. "सायकलवर दोन क्यान लावून निघायचो तवा कोथरूडपातूर गेलं की पाय गळायचं. एकच क्यान असला की शिवाजीनगर गाठायचो. वझं जास्त झालं की मानूस मधनंच माघारी येतं." आता त्यांनी तिच्याकडे बघितलं. "तीन महिनं म्हनलीस ना? मग तीन महिनं फीर. धा दिवसांत आलीस तर दार उघडायचा न्हाई मी."

कौशल्या उंबऱ्यावरच बसली आणि पदर तोंडाला लावून रडली. मीही रडले, लपवायला वेळच मिळाला नाही. तिला होकार हवा होता आणि तो पहिल्याच दिवशी मिळाला होता. हे तिला कळलं नव्हतं, मला कळलं नव्हतं, आणि आपण तो नीट सांगितलेला नाही हे त्यांना कळलं नव्हतं.

गुरुवारी ती माझ्या घरातून निघाली. हिरवा पंजाबी ड्रेस, ओढणी कुठं खोचायची ते कळेना म्हणून गळ्याभोवती गुंडाळलेली. हिंमतराव माझ्या हॉलमध्ये पाहुण्यासारखे अवघडून उभे होते. त्यांनी बॅग तिच्या पाठीवर दिली आणि बैलाचा पट्टा आवळावा तसा कमरेचा पट्टा आवळला. मला ते काही आवडलं नाही, पण पट्टा बसला मात्र नेमका. "येते," ती म्हणाली. "सावकास ये," ते म्हणाले. खालून ऋतुजानं रिक्षा आली म्हणून हाक मारली.

प्रस्थानातलं सामान ती परत येईपर्यंत घरी न्यायचं नाही, म्हणून गोणी माझ्याच मागच्या खोलीत राहिली. चार दिवसांनी दुपारी हिंमतराव आले. "गोनी हाय ना जागेवर?" म्हणाले. आहे म्हटलं. आत जाऊन ते गोणीशेजारी जमिनीवर बसले. "फोन आला व्हता. खांदा दुखत न्हाई म्हनली." मग चहा घेतला आणि गेले. तेव्हापासून रोज दुपारी येतात. जेवणाची आबाळ नाही, खानावळ कौशल्याच्या हाताखालची मथुराबाई नीट चालवते. येतात, बसतात आणि जातात.

काल मी चहा घेऊन आत गेले तेव्हा गोणीची गाठ सुटलेली होती. कौशल्याची रोजची जांभळी साडी त्यांच्या मांडीवर होती आणि ते तिची घडी घालायला बघत होते. घडी काही जमत नव्हती.

"बाई," ते मान खाली घालूनच म्हणाले, "ही न्यायला पायजे व्हती का तिनं? चुकून काढली काय मी?"

मी चहा खाली ठेवला आणि साडीचं दुसरं टोक धरलं.